शेंदराखालची आई

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

हरसूलच्या वरच्या डोंगरातलं जुनं लेणं पर्यटकांसाठी नीट करायचं काम माझ्याकडे होतं. लेण्याच्या तोंडाशी गावाची आई होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर-तेल लावून भोपळ्यासारखा फुगलेला दगड आणि त्यावर पितळेचे दोन डोळे. शेंदराच्या ओलीने आतला दगड झिजत होता. ग्रामसभेत म्हातारे पुंजारामबाबा स्वतः उठून म्हणाले, "काढा मॅडम. आई न्हाऊन निघंल." मलाही वाटलं, आत देवीच असणार.

शेंदराची खोळ उतरली आणि आत निघाला पुरुष. भरघोस मिशा, हातात तलवार, पायाशी गाई. गुरं वाचवताना मेलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा दगड, वीरगळ. फोनवर आमच्या खात्याच्या साहेबांचा आनंद गगनात मावेना. मी माहितीचा फलक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. वीरगळ लिहावं तर आई कुठे गेली, आणि आई लिहावं तर या मिशांचं काय करू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गोंधळले की मला राग येतो. त्या दिवशी मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

तेवढ्यात गावातली ठमाबाई आली. मागे तिची लेक मीना, मीनाच्या कुशीत तान्ही मुलगी. मीनाची आधीची बाळं जगली नव्हती. हे जगलं तर तुझ्या नजरेखालून घालीन, मगच नाव ठेवीन, असा ठमाबाईचा आईला नवस होता.

दगड बघून ती मटकन खाली बसली. "हा कोण गं?"

"आधीपासून हाच होता, ठमाबाई."

"मंग माझं गाऱ्हाणं कोणी ऐकलं?"

मी अमुक शतक, तमुक राजवट असं काहीतरी पुटपुटले. माझं मलाच ते खोटं वाटलं.

"आई, आता हिला कोण बघणार?" मीना रडायला लागली.

ठमाबाईने मला विचारलं, "डोळं तरी हायत का?"

होते. नंबर घालून, शेडमधल्या पेटीत. ते कुणाच्या हाती द्यायचे नाहीत हा नियम माझाच. तरी मी पेटी उघडली. का उघडली, ते अजून मला कळलेलं नाही.

ठमाबाईने दोन्ही डोळे तळहातावर ठेवले आणि बाळाच्या टाळूपासून पावलांपर्यंत हात सावकाश फिरवला. "बघ आई. आली तुझी लेक." मग तळहात त्या मिशीवाल्याकडे वळवला. "ह्याला बी बघ. लय वर्सं तुला अंगावर घेऊन उभा हाय."

मग तो हात माझ्याकडे आला. मी मागे सरकले.

"ऱ्हा उभी," ठमाबाई म्हणाली. "तिच्या अंगावरचं तू उतरवलं. तुला तिनं बघाया नको?"

मी उभी राहिले. पण त्या पितळी डोळ्यांना डोळा देणं मला काही जमलं नाही.