चुगलखोर नखं

हार्लन डुब्चाक बाकावर बसला की दुसऱ्या टोकाचा माणूस वर उचलला जायचा. एकदा तर पाणी देणारा पिंपासकट उचलला गेला, असं ओहायोत अजून सांगतात. खोटं वाटत असेल तर त्या पाणीवाल्याला विचारा, आता खाली आलाय तो.

बारा वर्षं हार्लन अमेरिकेतला, हाताने खेळायचा व्यावसायिक फुटबॉल खेळला, आणि बारा वर्षांत त्याने चेंडूला बोट लावलं नव्हतं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत होऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. भिंतीची चौकशी कोण करतो? चेंडू उचलायच्या आधीच हलण्यासारखी चूक झाली, तरच ध्वनिक्षेपकावरून तिचा नंबर पुकारतात.

आता ही भिंत चौतिशीची झाली होती. सरावशिबिरात नव्वद जण, संघात ठेवायचे त्रेपन्न, आणि यादी लागायला उरले दोन दिवस. हार्लनची झोप उडाली होती. न्याहारीला चौदा अंडी खाणारा गडी नवावरच हात धुवायला लागला होता.

कारण एकच, टवारेस मालव्हो. लुइझियानाचा बावीस वर्षांचा पोरगा, बचावफळीतला, म्हणजे क्वार्टरबॅकला आडवा करणारा. राहायला हार्लनच्याच खोलीत आणि मैदानात त्याच्याच समोर. दहा दिवस तो हार्लनला बगल देऊन थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर जात होता. चेंडू घेऊन पळायची चाल असो की लांब फेकायची, पठ्ठ्याला ती आधीच कळलेली असायची.

"हार्लन," कोच प्रुइट म्हणाले, "या भिंतीला दार कधी बसवलंस रे?"

सगळे हसले.

संध्याकाळी त्याने बायकोला, मार्लिसला, फोन केला.

"गुडघे दुखतायत का?" तिने विचारलं.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही. त्या पोराला आधीच कळतं, एवढंच."

"मग त्यालाच विचार की, कसं कळतं ते."

"अगं, मी बारा वर्षांचा मुरलेला, तो काल आलेला!"

"नको विचारूस. घरी ये. गोठ्यात माणूस हवाच आहे."

हार्लनने फोन ठेवला आणि मुकाट्याने पोराला विचारलं.

मालव्हो बर्फाच्या बादलीत पाय घालून बसला होता. "सांगेन हो आजोबा. पण मग उद्या माझं काय? मीही काठावरच आहे."

"मग राहू दे."

हार्लन कुशीवर वळला. त्याच्या उसाशाने खिडकीचा पडदा तीनदा बाहेर जाऊन आत आला. पोराला राहवेना.

"नखं," तो म्हणाला.

"काय?"

"पळायची चाल असली की तुम्ही पुढे रेलता. जमिनीवर टेकलेल्या हाताची नखं पांढरीफटक पडतात. फेकायची असली की मागे बसता, तेव्हा गुलाबी. हातमोजे का घालत नाही हो तुम्ही?"

"मोजे घालून गाय पिळतं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी शेवटचा सराव सामना होता. हार्लनने मोजे घातले नाहीत. चेंडू फेकायची चाल आली, तेव्हा त्याने वजन टाचांवर ठेवून बोटं जमिनीत अशी रुतवली की नखं खडूसारखी झाली. मालव्हो पळायची चाल समजून खाली वाकून घुसला. हार्लन उभा राहिला आणि त्याने पोराच्या पाठीवर नुसता तळवा ठेवला. पोरगा तोंडावर घसरत गेला. गवतात जो चर पडला, त्यात पुढच्या वर्षी कोणी बटाटे लावले म्हणे.

असं तीनदा झालं. कोच खूश. मालव्होने तोंडातली माती थुंकली.

"लपवायला सांगितलं होतं आजोबा. फसवायला नव्हतं."

यादीच्या सकाळी दोघेही जागे होते आणि दोघांनीही डोळे मिटून घेतले होते. बाहेर पावलं वाजली. तो लिस्टर, वगळलेल्यांना कोचकडे बोलावून नेणारा. पाप्याचं पितर, आवाज मऊ, पण तीनशे पौंडांचे गडी त्याला टरकत. साऱ्या लीगमध्ये अशा माणसाला 'तुर्क' म्हणतात. का, ते तुर्कांनाही ठाऊक नाही. पावलं दाराशी थांबली. हार्लनच्या काळजाचे ठोके ऐकून वरच्या मजल्यावरचे जागे झाले.

"मालव्हो, कोचनी बोलावलंय. चालींची वही घेऊन ये."

हार्लन सुटला. इतका सुटला की त्याची त्यालाच शरम वाटली. पोरगा बाहेर पडला, आणि हा अनवाणीच त्याच्या मागे धावला.

"कोच, त्याने माझी नखं वाचली होती," दारातूनच तो बोलून गेला. "आणि मला सांगितलंही त्यानेच. काल मी त्याला फसवलं."

प्रुइटनी हार्लनच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे बारा वर्षं माझ्या चाली तुझ्या नखांवर लिहिलेल्या होत्या?"

त्यांनी पेन्सिल उचलली आणि यादीवर धरली, नेमकी हार्लनच्या नावावर.

"जा. दोघंही चालते व्हा."

चार वाजेपर्यंत हार्लन पायरीवर बसून होता. ती पायरी दोन बोटं खचली. यादी लागली. त्रेपन्नावं नाव त्याचं होतं. मालव्होचं नव्हतं; त्याला दुसऱ्या कुठल्या संघानेही उचललं नाही, म्हणून इथेच, नुसता सराव देणाऱ्या सराव संघात घेतलं. म्हणजे आता वर्षभर, रोज, तोच समोर.

सोमवारी दोघे समोरासमोर वाकले. हार्लनने हातमोजे घातले होते. मालव्होने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गालातल्या गालात हसला.

"आता काय दिसतंय रे?"

"काही नाही आजोबा."

"पाय का? खांदा?"

"खेळा हो तुम्ही."

"कान हलतायत का माझे? बोल ना!"

चेंडू अजून जमिनीवरच होता. हार्लन कान चाचपायला उठला, आणि कोचनी शिट्टी मारली.