पांढऱ्या कालवडीवरची हळद

उर्मिलाला जनावरांचा कंटाळा आला होता आणि ते ती आता लपवतही नव्हती. लग्न करून आयर्लंडमधल्या मेयोत आली तेव्हा नवऱ्याच्या, डोनलच्या अकरा गायी तिला फोटोत छान दिसल्या होत्या. फोटोतलं शेण काढावं लागत नाही. पुण्यात वाढलेली, रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली ही बाई कासलबारजवळच्या एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये बारा-बारा तासांच्या शिफ्ट करायची. गेल्या हिवाळ्यात डोनलच्या कमरेने दगा दिला, आणि तेव्हापासून कामावर जायच्या आधी, पहाटे पावणेपाचला, गमबूट चढवून गोठ्यातही तीच उभी राहायची. मांसासाठी पाळलेली जनावरं, त्यामुळे दूध काढायची कटकट नाही, असं डोनल तिला समजावायचा. जसं काही बाकीची कटकट कुणी दुसरंच करत होतं.

ईस्टरच्या सुट्टीत तिनेच जेवणाच्या टेबलावर अट घातली. ऑगस्टमधल्या जनावरांच्या प्रदर्शनात लेकीची, निधीची कालवड पहिल्या तिनांत आली, तर जनावरं राहतील. नाही आली, तर सप्टेंबरात सगळी विकायची आणि जमीन शेजाऱ्याला चराईसाठी द्यायची. डोनलने चहाचा घोट घेतला आणि "ग्रँड" म्हणाला, म्हणजे झकास. तो छप्पर गळायला लागलं तरी ग्रँडच म्हणतो. बारा वर्षांच्या निधीने मात्र आईच्या हातावर हात मारला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. दुधासारखी पांढरी, शार्लोई जातीची कालवड. मोरकी घालून ती तिला रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची, धुवायची, विंचरायची. निधीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र मेयोच्या इंग्रजीत येतं. त्या उन्हाळ्यात ती आईपेक्षा कालवडीशीच जास्त बोलली.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना उर्मिला रात्रपाळी करून सकाळी घरी आली. बघते तर कालवडीने काटेरी तारेला खांदा घासून घेतलेला. बोटभर ओरखडा, थोडं रक्त. डोनल डॉक्टरकडे गेला होता, निधी मैत्रिणीकडे. उर्मिलाचे डोळे मिटत होते. तिने स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणला, मूठभर हळद जखमेवर दाबली आणि घरात जाऊन आडवी झाली. लहानपणी तिच्या प्रत्येक फुटलेल्या गुडघ्यावर आईने हेच केलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, असं तिला वाटलंच नाही.

दुपारी उठून पाहिलं, तर पावसाच्या भुरभुरीने हळद ओघळून पांढऱ्या खांद्यावर ताटाएवढा पिवळाधमक डाग पडलेला. घाबरून तिने बादलीत कपडे धुवायची पावडर कालवली आणि ब्रशने घासलं. डाग लाल झाला. हळदीला खार लागला की तिचं कुंकू होतं, हे निधीच्या वर्गात जाऊन प्रयोगासकट शिकवून आलेली बाई ही! पुढे शाम्पू झाला, व्हिनेगर झालं. अखेर गंजक्या पत्र्यासारखा एक नारिंगी पट्टा उरला, तो काही हटेना. उन्हात हळद उडते, पण मेयोत ऊन आणायचं कुठून?

निधी आली, तिने डाग बघितला, आईकडे बघितलं आणि मोरकी घेऊन कालवडीला चालवायला निघून गेली. पुढचे चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. डोनलनेही काही विचारलं नाही, आणि त्याचं न विचारणंच उर्मिलाला जास्त लागलं. आपण मुद्दाम केलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दुपारी बादली हातात घेऊन उभी असताना, लाज वाटायच्या आधी, क्षणभर तिला हायसं वाटलं होतं. आता सातपर्यंत झोपता येईल, असं वाटलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रदर्शन भरलं होतं त्या शेताचा पावसाने चिखल झाला होता. पांढरा कोट घातलेली निधी मोरकी धरून रिंगणाबाहेर उभी होती. तिच्या गटात सात कालवडी होत्या.

"मम," ती पुढे बघतच इंग्रजीत म्हणाली, "तू मुद्दाम केलंस?"

"नाही गं."

"पण नंतर तुला बरं वाटलं."

उर्मिलाला खोटं बोलायचा कंटाळा आला. "हो," ती म्हणाली. "थोडंसं. मी फार दमलेय, निधी."

निधीने मान डोलावली आणि कालवडीला घेऊन आत गेली.

परीक्षक म्हणजे रेनकोटमधली एक उंच, म्हातारी बाई होती. नारिंगी पट्ट्यापाशी ती थांबली आणि तिने काहीतरी विचारलं. निधीचं उत्तर कुंपणापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. "तिला लागलं होतं. माझ्या आईने औषध लावलंय." बाईने हुंकार भरला, डागावरूनच हात फिरवत पाठ चाचपली, पुठ्ठे दाबून बघितले, चाल बघितली. डागाखालचं जनावर तिला दिसत होतं. तिने एकेकीला रांगेत उभं केलं. पहिली, दुसरी. मग तिच्या हातातली काठी निधीकडे वळली.

तिसरी.

डोनलने कमरेची पर्वा न करता कुंपणावरून उडीच मारली असती, पण उर्मिलाने त्याची बाही धरली. तिनेही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. लेकीचा अभिमान वाटत होता, तो काही खोटा नव्हता. पण टाळ्या वाजवता वाजवताच पुढचा हिवाळा तिच्या खांद्यांवर येऊन बसला. पावणेपाच, अंधार, गमबूट.

निधी पिवळी रिबन घेऊन बाहेर आली. बापाने तिला मिठी मारली, शेजाऱ्यांनी पाठ थोपटली. सगळ्यांतून वाट काढत ती आईसमोर येऊन उभी राहिली. उर्मिलाने चार दिवस घोकलेली माफी ओठांवर आणली, पण निधीच आधी बोलली.

"सॉरी, मम," ती हळूच म्हणाली. "तुझं पावणेपाच काही सुटलं नाही."

उर्मिलाने तिच्या हातातली मोरकी घेतली. "चल," ती म्हणाली, "आधी हिला पाणी पाजू."