बाद झालेली पाणचक्की

मी पाणचक्कीचा पत्ता बोलतोय. राजा-राणीच्या पत्त्यांशी माझं नातं नाही. आमच्या खेळात सुरुवातीला सगळ्यांच्या वाट्याला दगडच येतात, म्हणजे निरुपयोगी पत्ते. मग एकेक चांगला पत्ता मिळवत आपली गड्डी आपणच घडवायची.

एकटा मी कुचकामी. पण हातात झऱ्याचा पत्ता असला, की तो भराभर पत्ते ओढून आणतो आणि मी त्यातल्या प्रत्येकाचे गुण करून देतो. आम्ही दोघं जमलो, की समोरच्याचं कंबरडंच मोडतं.

हे आमच्या म्हाताऱ्याइतकं कोणालाच उमगलं नाही. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला माणूस. कुऱ्हाडीचा पत्ता आला, की तो आपल्या गड्डीतला एक दगड कायमचा बाद करायचा. लेकीला सांगायचा, "गाळ ठेवायचा नाही. गाळ गेला की जोडीदार लवकर भेटतात." लेक हरायची, चिडायची, पुन्हा डाव मांडायची. ते दिवस फार मजेत गेले.

मग बायको गेली आणि म्हातारा विसरू लागला. एकदा दूध आटून पातेलं करपलं, तरी हा शेजारीच खुर्चीत बसलेला. मुलगा म्हणाला, "आता बाबांना एकटं ठेवायचं नाही. मी वृद्धाश्रमात चौकशी केलीय."

"मला काय धाड भरलीय?" म्हातारा लेकीकडे बोट दाखवत तडकला. "मांडा डाव. हिला हरवलं, तर मी इथंच राहणार."

मुलाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो नुसता गुण लिहायला बसला.

डाव रंगात आला आणि मी म्हाताऱ्याच्या हातात आलो. शेजारी झरा, पलीकडे कुऱ्हाड. माझा जीव सुपाएवढा झाला. त्याने आम्हाला नीट लावलं, चष्मा सरकवला, कुऱ्हाड टाकली आणि बाद करायला मलाच काढलं.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, नीट बघा ना."

"बघितलं की. गेला एकदाचा दगड."

तिने भावाकडे पाहिलं. त्याच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. मग तिने स्वतःचे चांगले पत्ते दाबून ठेवले आणि बाबा जिंकले. "बघ, डोकं अजून तल्लख आहे," ती म्हणाली. मुलाने मान डोलावली. खरं सांगतो, तेव्हा मलाही बरं वाटलं.

थंडी पडली. एका दुपारी म्हाताऱ्याने दारं-खिडक्या घट्ट लावून कोळशाची शेगडी पेटवली आणि आडवा झाला. खिडकीची फट उघडी ठेवायची, हे त्याला पूर्वी कोणी सांगावं लागत नसे. संध्याकाळी लेक आली तेव्हा सगळं संपलं होतं.

घर आवरताना मुलगा म्हणाला, "आपल्याला तरी काय ठाऊक? त्या दिवशी तर तुला हरवलं त्यांनी."

लेकीने पर्समधून मला काढलं. त्या डावापासून मी तिथेच होतो. मला त्याच्यासमोर ठेवून तिने सगळं सांगून टाकलं.

"मला तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू त्यांना नेलं असतंस."

"हो," तो म्हणाला. "नेलं असतं."

त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. मी अजून त्याच रिकाम्या घरात, टेबलावर पडून आहे. मला आता कुठल्याच डावात घेऊ नका. त्या दोघांना मात्र एकदा समोरासमोर बसवा. एवढंच मागणं आहे.