कागदाचं रेडकू

ऐक गो मैने, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक! निडीची माझी इंदूमावशी हाय ना, तिच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हाच सोडीना. काका म्हणाले, दूध उतरवायचं इंजेक्शन आणतो. मावशी रडायलाच लागली, "नको, टोचलं की कशी थरथरते ती, बघवत नाय." तेव्हा मला सुचलं. पेणला गणपतीच्या कारखान्यात चार वर्षं डोळ्यांची आखणी करते, मला एक रेडकू नाय का जमणार? कागदाच्या लगद्याचं केलं, वर मेलेल्या रेडकाच्या अंगाखालचं गोणपाट गुंडाळलं, वासासाठी. डोळे तर असे काढले की आमचे मालक दाजीशेठ म्हणाले, "सोंड लाव ह्याला, विकून टाकू."

आणि म्हशीनं चाटलं गो त्याला! पान्हा सोडला! एक डोळा चाटून साफ केला तो वेगळाच.

मग काय, गावभर झालं. शेजारचा हिरामण बघायला आला, वीस म्हशींचा गोठा हाय त्याचा. म्हणतो, "जने, काय दयेचं काम केलंस! टोचणं नको, मुक्या जनावराला तरास नको. मला बारा करून दे."

मी म्हटलं, "बारा रेडकं मेली तुमची?"

"छे गो, जिती हायत. म्हणून तर! अर्धं दूध तीच ढोसतात. तुझी काय पिणार?"

"आणि जिती?"

"शनिवारी टेम्पो येतोय, कापायला नेणार."

मी नायच म्हणणार होते गो, पण दाजीशेठनी परस्पर होकार दिला, आणि काल मला माप घ्यायला गोठ्यात धाडलं. सगळ्यात धाकटं रेडकू माझी बोटंच चोखायला लागलं. त्याची आय दोन हातांवर, कास नुसती तटतटलेली. तेवढ्यात हिरामणचा फोन वाजला, तो बाहेर गेला, आणि मी दावंच सोडलं. असं तुटून पडलं ते! ढुशा देऊन देऊन प्यालं, तोंडाला नुसता फेस. मला वाटलं, आता हा येऊन ओरडणार.

आला, बघितलं, आणि हसला गो! "हुशार हायस! पोट भरलं की अंग कसं गोल दिसतंय बघ. आता घे माप, झकास होईल."

रेडकाची मान त्यानं धरलेली, टेप माझ्या हातात, आणि ते येडं माझा हात चाटतंय. "घे लवकर," म्हणतो, "हलू नाय देत मी."

सांग ना गो, तू असतीस तर काय केलं असतंस?