दुसरी गाडी

वाळूत शिरण्याआधी चाकांची हवा सोडावी लागते, पस्तीसवरून पंधरावर. चार चाकांना सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात माझा चुलतभाऊ मुसल्लम पाहुण्यांना आपली वंशावळ ऐकवतो. हवा सोडायचं काम माझं.

"सात पिढ्या!" तो त्या दिवशी मस्कतहून आलेल्या हैथमना सांगत होता. "बिदियाची ही वाळू आमच्या रक्तात आहे, दादा."

या सातव्या पिढीला उंटाची भीती वाटते, हे तो कधी सांगत नाही. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, इथे ओमानच्या वाळवंटात पाहुण्यांसाठी दहा तंबूंचा कॅम्प चालवतात. वाळूवर दोन गाड्या जातात. पुढची मुसल्लमची, मागची माझी.

हैथम विमा कंपनीत मोठे अधिकारी होते. बरोबर बायको असीला आणि चार वर्षांची विज्दान. तिच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा सारखा घसरत होता.

"लेक पुढे माझ्या मांडीवर बसेल," हैथम म्हणाले. "गाडी उतारावरून कोसळते ना, तेव्हा तिचा चेहरा टिपायचाय. मागे माझ्या भाच्याचा व्हिडिओ काय चालला होता!"

"हसत होता की रडत होता?" मी विचारलं.

"किंचाळत होता!" ते अभिमानाने म्हणाले.

दुसऱ्यांच्या घरांना आगीपासून जपण्याचा पगार घेणारा माणूस. मी हवेचं मीटर खाली ठेवलं.

"या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. ती माझ्या गाडीत बसेल. लहान मुलांची खुर्ची आहे, पट्टे आहेत. आणि मी टेकडीच्या धारेवरून उडी मारत नाही."

"दादा, हिचं मनावर घेऊ नका," मुसल्लम हसला. "मस्कतला कॉलेजात चार वर्षं दगड शिकून आली आहे. दगड हलतात का? तशीच ही गाडी चालवते."

हैथम खो खो हसले. असीला हसली नाही. विज्दानने आईचा हात घट्ट धरला होता.

एकटी गाडी वाळूत जात नाही. काकांचा हा एकच नियम मुसल्लमही मोडत नाही, कारण अडकल्यावर ओढायला कुणीतरी लागतं. मी चावी खिशात टाकली, चटईवर बसले आणि खजूर खायला घेतला.

"अगं, हे काय?"

"दुसरी गाडी जात नाही."

"बाबांना सांगू?"

"सांग. का जात नाही, तेही सांग."

मी तिसरा खजूर संपवला. हैथम सारखे पश्चिमेकडे बघत होते. ऊन सोनेरी व्हायला लागलं होतं आणि तेच त्यांना व्हिडिओत हवं होतं. लेकीच्या मानेसाठी नव्हे, मावळतीच्या उजेडासाठी त्यांनी माघार घेतली.

"बरं, बसू दे हिच्या गाडीत. मी निदान पुढचा उतार तरी टिपतो."

विज्दानला मी पट्ट्यांनी बांधलं. असीला तिच्या शेजारी बसली.

त्याआधी दोन दिवस उत्तरेचा वारा वाहत होता. सुटी वाळू तेहतीस-चौतीस अंशांहून जास्त चढ धरत नाही आणि वारा उलटला की टेकडीच्या माथ्याची धारही उलटते. एरवी दक्षिणेकडून सावकाश चढून पलीकडे उतरता येतं. आता चढाच्याच बाजूला, अगदी वर, मऊ वाळूची उभी भिंत झालेली असणार. म्हणून इथले जुने लोक गाडी खाली थांबवतात आणि आधी पायी वर चढून बघतात. मुसल्लम बघत नाही. बिदियाच्या माणसाला स्वतःचीच टेकडी बघावी लागते, हे पाहुण्यांना दिसलं तर त्याला कमीपणा वाटतो.

मी वायरलेसवर म्हटलं, "वारा फिरलाय. उतरून बघ."

"तू दगड बघ," उत्तर आलं. मागे हैथमचं हसू.

मी गाडी खालीच थांबवली. विज्दानला उतरवून वाळूवरची किड्याची पावलं दाखवली, दोन बाजूंना तीन-तीन ठिपके. ती उकिडवी बसून मोजायला लागली.

मुसल्लमची गाडी गरजत चढली. माथ्याजवळ तिचं नाक भिंतीत घुसलं, मग वर उडालं आणि गाडी पोटावर आपटून धारेवर अडकली. पुढची दोन्ही चाकं हवेत फिरत राहिली.

"बाबांची गाडी का झोपली?" विज्दानने विचारलं.

मी तिला असीलाकडे दिलं आणि पायी वर गेले. व्हिडिओसाठी हैथमनी पट्टा सोडला होता. त्यांचं कपाळ फुटलं होतं, समोरच्या काचेवर तडा गेला होता. त्यांच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी असती तर काचेच्या आणि त्यांच्या मध्ये ती असती.

"वारा अचानक..." मुसल्लम पुटपुटला.

"दोन दिवस अचानक वाहत होता," मी म्हटलं आणि ओढायची दोरी आणायला खाली उतरले.

परतताना ओढून काढलेली गाडी घेऊन मुसल्लम मागून येत होता आणि पाहुणे सगळे माझ्याच गाडीत होते. हैथम कपाळावर रुमाल धरून पुढे बसले होते. असीलाचा हात लेकीच्या पट्ट्यावर होता.

"फोन सापडला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"नाही ना. वाळूत कुठेतरी पडला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

काकांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं, लहान मुलं फक्त दुसऱ्या गाडीत. मुसल्लम तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. ते तीन दिवस फार चांगले गेले.

आता तो प्रत्येक टेकडीखाली थांबतो. मुंडासं नीट करतो, पाहुण्यांना हाताने थांबायची खूण करतो आणि भुवयांवर हात धरून धीरगंभीर चालीने माथ्यापर्यंत जातो. पाहुणे फोटो काढतात.

"सात पिढ्या!" तो वरून ओरडतो. "आमच्यात आधी पायी चढून बघायची रीत आहे!"

माझ्या गाडीत मागे तीन खुर्च्या असतात आणि तेव्हा मी त्यांचे पट्टे पुन्हा एकदा ओढून बघत असते.