दृष्टीबाबांची दुर्बीण

टेकडीवरच्या गच्चीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर जगप्रसिद्ध इमारतींची रांग दिसायला हवी होती. होता तो नुसता राखाडी धूर, आणि आम्हा सगळ्यांचा खोकला. तरी दुर्बिणीपासून परतणारा जो तो डोळे पुसत होता.

"दिसलं हो! अगदी खिडक्यासुद्धा!"

दुर्बिणीशेजारी दृष्टीबाबा बसले होते. नळीवर फुंकर मारायची आणि म्हणायचं, "हवा निर्मळच आहे, बाळांनो. मळ आहे तो तुमच्या नजरेत. मनातली शंका काढा, पडदा आपोआप सरेल."

माझ्या सासूबाईंनी शंका तर काढलीच, वर दम्याचा पंपही टाकून दिला. "निर्मळ हवेत पंप कशाला?" असं बाबांनी विचारलं होतं. परवा सासूबाईंचे ओठ निळे पडले, तेव्हा आम्ही त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाल्या, "बाबांकडे कधी जायचं?" त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, छातीच्या विकारांची डॉक्टर. पण घरच्या डॉक्टरचं ऐकतो कोण! म्हणून आज ती स्वतःच आईला घेऊन रांगेत उभी राहिली. मी जावई, पिशवी धरून मागे.

तिने दुर्बिणीला डोळा लावला.

"दिसलं का, ताई?"

"लख्ख!" ती म्हणाली आणि दुर्बीण फिरवू लागली.

"अहो, हात लावू नका! दिव्य दिशा मोडते!" बाबा किंचाळले. तोवर नळीचं तोंड स्वच्छतागृहाच्या दाराकडे वळलं होतं.

"आई, आता बघ."

सासूबाई वाकल्या. "अगं बाई! संडासातही तेच शहर?"

मग एकेकाने खात्री करून घेतली. भिंतीकडे वळवली, भिंतीत शहर. बाबांच्या पोटाकडे वळवली, तर पोटातही मनोरे! बायकोने डोळ्याजवळची काच फिरवून काढली. आत शहराचं पारदर्शक छायाचित्र होतं, त्यामागे एक चिमुकला दिवा.

"शास्त्राला यातलं काय कळणार!" असं म्हणत बाबा उठले खरे, पण निर्मळ हवेचा असा ठसका लागला की बायकोनेच त्यांना बसवून पाणी पाजलं.

"पण दिसत किती छान होतं हो," गर्दीतून कोणीतरी हळहळलं.

"छान दिसत होतं, म्हणूनच फसलात," बायको म्हणाली. "छातीत धूर जातोय, हे तुमची छातीच सांगतेय. तिचं ऐका. कोणी काही दाखवलं, तर निदान एकदा मान वळवून बघा."

सासूबाई कठड्याशी गेल्या. नुसत्या डोळ्यांनी समोर बराच वेळ पाहत राहिल्या.

"काहीच दिसत नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता मला कोणी सांगेल का, एवढा धूर सोडतंय कोण?"

त्या गच्चीवर हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता.