बिल्ला देणारं फाटक

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या दिवाळीत वाशीमच्या कापूस बाजारात मात्र दुसरीच चर्चा होती. गाडीतळाच्या फाटकावर म्हणे यंत्र बसणार. बैलगाडी आली की नंबराचा बिल्ला आपोआप खाली पडणार, फाटक आपोआप वर जाणार, आणि मधे माणूस म्हणून कोणी असणार नाही.

हे यंत्र बसवण्याचं काम इंद्रभाननं घेतलं होतं. इंद्रभान जिनातला, म्हणजे कापूस पिंजायच्या नव्हे तर सरकी वेगळी करायच्या कारखान्यातला, फिटर. सरकी काढायचे रेचे बिघडले, पट्टा तुटला, इंजिन खोकायला लागलं की त्याला हाक जायची, आणि हाक देणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत हा पान्हा घेऊन खाली वाकलेला असायचा. "होते का रे?" असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "न व्हायले काय झालं?" बाजार समितीच्या सेक्रेटरीनं जिनात येऊन फाटकाची गोष्ट काढली तेव्हाही तो हेच म्हणाला. मग घरी आला आणि जेवता जेवता त्याच्या ध्यानात आलं, की सध्या त्या फाटकावर उभा राहणारा माणूस आपला सासरा आहे.

नानाजी कितीतरी वर्षं त्या फाटकावर बिल्ले वाटत होते. बिल्ला म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा, पण त्या दिवशीचं सगळं नशीब त्याच्यावर. पहिल्या नंबराच्या गाडीपासून लिलाव सुरू व्हायचा. ज्याचा नंबर लवकर तो दुपारी कापूस तोलून घरी जायचा. ज्याचा उशिरा, तो थंडीत बैलांशेजारी रात्र काढायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरलेल्या भावात माल द्यायचा. त्यामुळे झुंजूमुंजू होताच फाटकावर कालवा माजायचा. त्यात जानराव पाटलांच्या गाड्या यायच्या दिवस वर आल्यावर. पाटलांचा गाडीवान लखमा बाजूनं गाडी दामटायचा आणि नानाजींच्या छातीशी बैल आणून उभे करायचा. बिल्ला दिला तर रांगेतल्या शिव्या, नाही दिला तर लखमाच्या. गेल्या हंगामात नानाजी अडून बसले तेव्हा लखमाचा चाबूक त्यांच्या कानाला चाटून गेला. कानाची पाळी फाटली ती फाटलीच. तरी वर लोक म्हणायचे, बुढ्याला काहीतरी मिळत असलं पाहिजे.

"माह्या बापाच्या पोटावर पाय देऊन राह्यले तुमी," प्रयागबाई ताटात भाकर टाकत म्हणाली.

"पोटावर नाई. त्याईच्या कानावर येनाऱ्या चाबकावर पाय देऊन राह्यलो."

"हे तुमी मले सांगान. लोकाईले कोन सांगन? लोक म्हनतीन, बुढा चोर व्हता, म्हनून यंत्र आनलं."

न व्हायले काय झालं, असं इथं म्हणता येत नव्हतं. तो भाकर मोडत राहिला. प्रयागबाईनं त्यानंतर त्याच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं आणि ते नीट पाळलं.

काम मात्र झपाट्यानं सुरू झालं. फाटकाच्या तोंडाशी जमिनीत त्यानं सागाची जाड फळी बसवली, खाली दाबाच्या यंत्राची जुनी स्प्रिंग. फळीवर गाडी चढली की फळी बोटभर खाली जायची आणि तिला जोडलेली सळई ओढली जायची. बाजूच्या खांबावर लोखंडी नळी उभी होती, तिच्यात नंबरवार बिल्ले रचलेले. सळई ओढली की सगळ्यात खालचा बिल्ला घसरून तबकात पडायचा, आणि त्याच झटक्यानं फाटक अडवणाऱ्या आडव्या बल्लीची खिट्टी सुटायची. बल्लीच्या दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला होता. त्याच्या वजनानं ती वर जायची. गाडी आत गेली की आतल्या बाजूला बसवलेली दुसरी फळी दाबली जाऊन बल्ली पुन्हा खाली. ना वीज, ना इंजिन. जे काय करायचं ते गाडीनं स्वतःच्या वजनानं करायचं.

नानाजी रोज येऊन समोरच्या दगडावर बसायचे. जावई घाम गाळतोय आणि सासरा बघतोय, हे पाहायलाही माणसं थांबायची. एकदाच त्यांनी विचारलं, "जवाईबुवा, ह्याले शिवी देली त आयकू येईन का?"

"नाई मामाजी."

"मंग चांगलं हाय," नानाजी म्हणाले आणि चंची सोडून पान लावायला लागले.

ते चिडून बोलले की मनापासून, हे इंद्रभानला उमगलं नाही. त्यानं वर पाहिलं तेव्हा म्हातारा चुन्याची डबी शोधत होता.

जिनातली गाडी आणून त्यानं पहिली चाचणी घेतली, तर बैलांच्या पायानंच एक बिल्ला पडला आणि चाकानं दुसरा. एका गाडीला दोन नंबर! इंद्रभान हसला. स्प्रिंगचा बोल्ट आवळला, आणखी आवळला. आता बैल चालून गेले तरी फळी ढिम्म, आणि भरलेली गाडी चढली की टण्णकन बिल्ला. "झालं," तो सेक्रेटरीला म्हणाला. "फोडा नारळ."

हंगामाच्या पहिल्या मोठ्या बाजाराला नारळ फुटला. एकामागं एक भरल्या गाड्या आल्या. टण्ण, बिल्ला, टण्ण, बिल्ला. गाडीवान बिल्ला उचलून उलटसुलट पाहायचे आणि हसत आत जायचे. सेक्रेटरी टोपी सारखी करत उभा होता. इंद्रभान खांबाला टेकून विडी पेटवणार, तेवढ्यात टण्ण वाजायचं थांबलं.

फाटकात एक लहानशी गाडी उभी होती. दोन म्हातारे बैल, मागं कापसाची जेमतेम दोन गाठोडी, आणि कासरा धरलेली एक बाई. धनीबाई तिचं नाव, रिसोडकडच्या तांड्यावरची. चाक फळीवर होतं, पण फळी हलली नव्हती. तिनं गाडी मागं घेतली, पुन्हा पुढं आणली. काही नाही. बल्ली आडवीच.

मागून जानराव पाटील आपल्या छपरी दमणीतून उतरून आले. त्यांनी गाडी पाहिली, फळी पाहिली आणि मोठ्यानं हसले.

"वा रे इंद्रभान! तुहं यंत्र बी वजनदार मानसालेच वळखते!"

सगळी रांग हसली. हसण्यात कुचेष्टा कमी आणि सवय जास्त होती, पण इंद्रभानची कानशिलं तापली. धनीबाई हसली नाही. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, माहा कापूस कमी हाय. पन वाट त मी बी तेवढीच चालली."

इंद्रभाननं सळई हातानं ओढली. बिल्ला पडला, बल्ली वर गेली, धनीबाई आत गेली.

"हे पाहा, हातानंच देला!" जानराव पाटलांनी रांगेला ऐकवलं. "मंग आमचा नानाजी काय वाईट व्हता?"

समोरच्या दगडावर बसलेल्या नानाजींनी मान खाली घातली. इंद्रभानला तेच जास्त लागलं. दिवसभर हलकी गाडी आली की तो सळई ओढत राहिला, आणि प्रत्येक ओढीला कोणी ना कोणी हसत राहिलं.

संध्याकाळी सेक्रेटरी म्हणाला, "राहू दे. हलक्या गाड्यांसाठी माणूस ठेवू एखादा."

"मानूस ठेवाचा त मंग फाटक कायले?" इंद्रभान म्हणाला. "साहेब, चूक यंत्राची नाई, माही हाय. बैल चुकवाले म्या स्प्रिंग आवळली, त्यात गरिबाची गाडी चुकली. पुढच्या बाजाराले रिकामी गाडी बी बिल्ला घेऊन आत जाईन. नाई गेली त हे फाटक म्या माह्या हातानं उपटून नेतो."

हे बोलताना त्याला उपाय ठाऊक होता असं नाही. पण बोलून झाल्यावर पाय मागं घ्यायची त्याला सवय नव्हती. तो फाटकापाशी उकिडवा बसला आणि धुळीत उमटलेल्या खुणा पाहू लागला. बैलांचे खूर मधे, चाकांच्या चाकोऱ्या दोन्ही बाजूंना. कितीतरी गाड्या गेल्या होत्या, पण खुरांची वाट आणि चाकांची वाट कुठं एक झाली नव्हती. आणि आपण वेड्यासारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच फळी टाकली!

तो उठला तो हसतच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फळी उपटली आणि करवतीनं तिचे दोन तुकडे केले. चाकोरीत एकेक फळी, खाली ढिली स्प्रिंग; दोन्ही फळ्या एकाच सळईला जोडलेल्या. आतली फळीही तशीच कापली. मधल्या जागेत मुरमाची उंच वाट, तिच्या दोन्ही कडांना दगड. बैल मुरमावरून चालतील, फळीवर येईल ते फक्त चाक.

मुरूम पाट्यांनी आणून टाकायचं काम मोठं होतं. इंद्रभान तिसऱ्या पाटीला वाकला तेव्हा धुमसाचा धप्प आवाज आला. नानाजींनी धोतर वर खोचलं होतं आणि मुरूम ठोकायला घेतला होता.

"मामाजी, तुमी काहून? राहू द्या."

"तू तुह्या सळईकडे पाह्य," नानाजी म्हणाले. पुन्हा धप्प. "काल तो पाटील मले चांगला म्हने. मी चांगला असताना चाबूक काहून मारला व्हता, हे नाई सांगतलं त्यानं. हे फाटक झालंच पाह्यजे."

दुपारी प्रयागबाई भाकरी घेऊन आली. नवऱ्यानं बापाला घरी बसवलं, या रागात ती इतके दिवस या बाजूला फिरकली नव्हती. बाप कमरेत वाकून त्याच फाटकाचा मुरूम ठोकतोय हे तिनं पाहिलं. फडकं सोडलं, ठेचा-भाकर दोघांच्या हातावर ठेवली आणि मग रिकामी पाटी उचलून मुरमाच्या ढिगाकडे गेली.

पुढच्या बाजाराला थंडी मी म्हणत होती. रांग पार रस्त्याला लागली होती. सगळ्यांच्या देखत इंद्रभाननं आधी जिनातली रिकामी गाडी आणवली. बैल मुरमावरून चालत गेले, बिल्ला पडला नाही. चाकं फळीवर चढली आणि टण्ण! बल्ली वर. रांगेतून एक आरोळी उठली. मग गाड्या येत राहिल्या. भरलेल्या आल्या, अर्ध्या आल्या, एका पोत्याच्याही आल्या. इंद्रभाननं त्या दिवशी सळईला हात लावला नाही. विडी मात्र निवांत ओढली.

दिवस हातभर वर आला आणि जानराव पाटलांच्या गाड्या आल्या. लखमानं नेहमीसारखी रांगेच्या बाजूनं गाडी घातली आणि थेट बल्लीपाशी आणली. पण चाकं फळीवर यायची तर बैल दगडांच्या मधल्या वाटेनं आणावे लागत होते, आणि त्या वाटेवर रांगेतली गाडी होती. लखमानं चाबूक उगारला. उगारला आणि तसाच थांबला. मारणार कोणाला? शेवटी त्यानं चाबूक लोखंडी नळीवरच हाणला. नळी खणखणली. रांगेतल्या एकानं ओरडून विचारलं, "लागलं का रे तिले?" आणि हशा पिकला.

जानराव पाटील खाली उतरले. त्यांची नजर सवयीनं नानाजींना शोधत होती.

"नानाजी, सांग न याले! आपल्या गाड्या हायेत म्हना."

नानाजी दगडावरून उठले. कितीतरी वर्षं हा आवाज ऐकला की त्यांचे हात बिल्ल्यांच्या पिशवीकडे जायचे. आज त्यांनी ते पाठीमागं बांधले.

"पाटील, माहं आयकत नाही ते," ते शांतपणे म्हणाले. "तुमीच सांगून पाहा."

पाटील नानाजींकडे पाहत राहिले, मग त्या फाटक्या कानाकडे, मग मागं वळून लांबच लांब रांगेकडे. ते तापट होते, पण खुळे नव्हते. यंत्राशी भांडणारा माणूस कसा दिसतो हे नुकतंच लखमानं दाखवलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"लखमा, गाड्या मांगं लाव."

गाड्या मागं गेल्या. रस्त्यावर, सगळ्यात शेवटी. पुढच्या बाजाराला पाटलांच्या गाड्या सगळ्यांच्या आधी येऊन थांबल्या होत्या, आणि त्यांचा नंबर पहिला लागला. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आधी आला त्याचा पहिला, एवढंच तर फाटक सांगत होतं.

गाडीतळावरच्या चहाच्या दुकानात आता वेगळं बोलणं सुरू झालं. इंझोरीचा एक शेतकरी बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "बुढा चोर नव्हता बापा. बुढा एकटा व्हता. आपन सारे मांगून शिव्या देत बसलो, पुढं जाऊन त्याच्या बाजूनं कोन उभं राह्यलं?" सरकी न्यायला आलेल्या प्रयागबाईनं ते ऐकलं. तिनं पदर सारखा केला आणि ओझं डोक्यावर घेऊन ताठ मानेनं त्या दुकानासमोरून गेली.

समितीनं नानाजींना काढलं नाही. रोज सकाळी नळीत बिल्ले रचायचे, एवढंच हलकं काम त्यांना देऊ केलं. नानाजींनी हात जोडले. "रचनारे लय भेटतीन साहेब. इंझोरीले भावाचं वावर हाय. आता थोडं वावरात बसतो. तिथं कोनी नंबर मांगत नाही."

संक्रांत झाल्यावर ते निघाले. प्रयागबाईनं तिळाचे लाडू बांधून दिले, घोंगडी घडी करून दिली. इंद्रभान वाकून पाया पडला, तशी म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात, धुमस मारल्यासारखी.

गाडी वळणाआड गेली. प्रयागबाईनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली.

"रिसोडच्या बाजारवाल्याईनं बलावलं म्हनता न तुमाले? तिथं बी असंच फाटक पाह्यजे म्हने?"

"हाव. पन त्याईचा तळ उताराचा हाय. फळी येगळी लागन."

"मंग व्हते का?"

"न व्हायले काय झालं?" इंद्रभान म्हणाला.

"त उद्याच जा," ती म्हणाली. "भाकरी पहाटंच बांधून ठेवतो."